लाकडी बैलाचा टिळा

"त्या बैलाले टिळा नाई लावत. घे तुया बोजारा अन् जाय."

मालकीणबाई मला सांगत होत्या. मी आठ वर्षांची. दिवस तान्ह्या पोळ्याचा. आमच्या वर्ध्याकडे मोठा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा भरतो. लाकडाचे बैल सजवायचे, दोरीनं ओढत घरोघर न्यायचे. घरची बाई बैलाला टिळा लावते, ओवाळते आणि लेकराच्या हातावर बोजारा ठेवते. बोजारा म्हणजे खाऊ, नाहीतर एखादं नाणं.

माझ्या पुढच्या सगळ्या बैलांना टिळे लागले. माझ्यापाशी ताट थांबलं. बोजारा वरून पडला, पायरीवर. मी तो उचलला. आठ वर्षांचं पोर दुसरं काय करणार?

हिंगणीच्या अलीकडे आमचं गाव. आमची वस्ती नाल्यापलीकडे. माझा बाप त्याच घरी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. माझा बैल त्यानंच सागाच्या तुकड्यातून कोरला होता. चाकंही त्याचीच. घरी येऊन मी झालं ते सांगितलं. बापानं बैल हातात घेतला.

"मंग त्याईच्या बैलाचे खांदे परवा कोनं चोळले वं?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात. ते बापानंच मळले होते. खऱ्या बैलाला त्याचा हात चालला. त्याच हातानं कोरलेलं लाकूड मात्र बाटलेलं. एवढं बोलला आणि सकाळी बाप त्याच गोठ्यात शेण काढायला गेला. मला त्याचाच राग आला. राग कुणाचा यायला हवा होता, ते कळायला फार वर्षं गेली.

मी शिकले. वकिलीची पदवी घेतली. आता कायद्याच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते. वंशभेदाविरुद्धचा करार पहिल्यांदा वाचला तेव्हा ग्रंथालयात बसून रडले. जन्मामुळे, कुळामुळे माणसाला खाली ठेवायचं नाही, असं जगातल्या देशांनी मिळून लिहिलंय. खाली आपल्याही देशाची सही. त्या करारावर लक्ष ठेवणाऱ्या समितीनं तर सरळ सांगितलं, जातही यातच आली. म्हणजे त्या पायरीवर माझं जे झालं त्याला जगाच्या कायद्यात नाव होतं.

मग पुढची पानं वाचली. आपलं सरकार म्हणतं, जात म्हणजे वंश नव्हे. एकट्या माणसाला त्या समितीकडे थेट दाद मागता येते, पण त्याच्या देशानं तशी मुभा दिली असेल तरच. आपल्या देशानं दिलेली नाही. पंगतीत बसवायचं आणि पानच वाढायचं नाही, असली ही गत. दरवर्षी हे वर्गात शिकवते. पोरं परीक्षेपुरतं लिहून घेतात.

आज गावानं मला तान्ह्या पोळ्याची प्रमुख पाहुणी केली. बोलावणारे मालकीणबाईंचे चिरंजीव. मुख्याध्यापक आहेत, सगळे सर म्हणतात. विषयही त्यांनीच दिला, माणसाची प्रतिष्ठा आणि जगाचा कायदा. शाल दिली, नारळ दिला, मला गावची लेक म्हणाले. नाल्यापलीकडची पोर तोवर कधी गावची लेक नव्हती. मी बोलले. सरांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

मग लेकरं घरोघर निघाली. माझी सात वर्षांची मुलगी माझाच जुना बैल ओढत होती. सरांच्या दारात आलो. मालकीणबाई आता थकल्यात, खुर्चीत बसून होत्या. ताट त्यांच्या सुनेच्या हातात. सूनबाईही शिक्षिकाच. एकेका बैलाला टिळा लागत गेला. आमच्यापाशी ताट थांबलं. सूनबाई हसल्या, मुलीच्या हातावर सगळ्यांपेक्षा मोठं चॉकलेट ठेवलं आणि मला म्हणाल्या, "जुना बैल आहे ना मॅडम, टिळ्यानं रंग खराब होईल."

त्या बैलावर रंग उरलेलाच नाही.

सुधारणा म्हणायची तर एवढीच. पूर्वी वरून टाकायच्या. आता हातावर ठेवतात आणि कारण सांगतात.

मुलगी म्हणाली, "आई, आपल्याच बैलाले काऊन नाई लावला?"

सर पुढे आले. हळूच म्हणाले, लहान गोष्ट आहे, सणाचा दिवस आहे, तुम्ही तर शिकलेल्या. म्हणजे शिकलेल्यांनी गिळायचं. मी मुलीच्या हातातलं चॉकलेट घेऊन ताटात परत ठेवलं.

"टिळा लावा," मी म्हणाले. "नाईतर लावलेले सगळे पुसून टाका."

सूनबाईंनी सासूकडे पाहिलं. सासूनं मान वळवली. कुंकवाचं बोट पुढे आलं नाही. मघाशी टाळ्या वाजवणारं अख्खं गाव मागे नुसतं उभं होतं. मी शाल काढून सरांच्या हातात दिली आणि पायरी उतरले.

मला टिळ्याची भूक नाही. लाकडाला कुंकू लागलं काय, न लागलं काय. पण जो हात माझ्या लेकीच्या बैलापाशी आखडतो, तो तिच्यापाशीच आखडतो. तीस वर्षांनी तेच ताट, तीच पायरी. मला याचा संताप आहे आणि तो मी निवू देणार नाही.

बापाच्या अंगणात बसून हे लिहितेय. बाप म्हातारा झालाय. सगळं ऐकून म्हणाला, "त्याईच्या नादी लागू नको वं. मले इथंच राहाचं हाय."

त्याचं भय खोटं नाही. तरी उद्या तालुक्याला, सेलूला जाऊन ठाण्यात तक्रार देणार. साक्षीला गावातलं कुणी यायचं नाही, खटला टिकायचा नाही, हे वकील म्हणून मला कळतं. पण नोंद होईल. कराराच्या त्या समितीपुढे देशाचा हिशेब निघतो तेव्हा लोकांच्या संघटनांचेही अहवाल जातात. त्यात माझा लाकडी बैल जाईल.

आणि पुढच्या तान्ह्या पोळ्याला माझी लेक हाच बैल ओढत याच दारात येईल. मी तिच्यामागे असेन. त्या वेळी पायरी उतरणार नाही.