चढाईची तालीम

आमचे खेळाचे सर मूळचे नागपूरचे. पांढुर्ण्याच्या शाळेत त्यांनी आम्हाला हॉकीत चढाई करायला शिकवलं. मैदान काळ्या मातीचं, भेगाळलेलं. समोरच्या संघातले गडी म्हणून सर संत्र्याच्या रिकाम्या पेट्या मांडत आणि गोलात एक जाड फळी उभी करत. मी डाव्या कडेला खेळायचो, माझा मित्र मधे. पेटी अगदी जवळ येईपर्यंत चेंडू सोडायचा नाही, मग तो मधे द्यायचा, आणि एकानं गोलावर मारला की बाकीच्यांनी आत घुसायचं.

"फळीवरून परत येणारा चेंडू पाहत उभे राहू नका," सर म्हणत. "त्याच्यावर धावून जा."

मित्रासारखं धावून जाणारं आमच्यात कोणी नव्हतं. हिवाळ्यात नागपूरला शाळांचे सामने होते, आणि आमची सारी भिस्त त्याच्यावर होती.

त्या संध्याकाळी सरांनी स्वतः फटका मारून दाखवला. चेंडू फळीच्या काठाला लागून उसळला. मित्र शिकवल्याप्रमाणे आत शिरलाच होता. चेंडू त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला. तो ओरडला नाही. गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांतून रक्त येत होतं. सरांनी त्याला उचललं, स्टेशन गाठलं, मिळेल त्या गाडीनं नागपूरला नेलं. डोळा काढावाच लागला.

त्याचे वडील नदीपलीकडच्या सावरगावचे, संत्र्याची बाग असलेले. ते शाळेत आले तेव्हा मी वर्गाच्या दारात होतो.

"तुम्हीच त्याले धावायले सांगतलं ना?"

"हो," सर म्हणाले. "सांगितलं मीच, आणि मारलाही मीच."

"मंग आता त्याले काय सांगू, तेही सांगा."

वडील थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले. नागपूरच्या सामन्यांना आम्ही गेलोच नाही.

पुढे छप्पन्न साली राज्यं नव्यानं आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. शाळांचे सामने आता जबलपूरला होणार होते. सरांनी नागपूरकडची नोकरी मागून घेतली. त्यांना निरोप द्यायला आम्ही दोघं स्टेशनवर गेलो.

"सर, मले आता खेळता येईन का?" मित्रानं विचारलं.

सर म्हणाले, "उजव्या कडेला खेळून बघ. तिथं सगळं डावीकडूनच येतं." मग हळू म्हणाले, "पण जमेलच असं मी सांगत नाही."

आम्ही पाऊस लागेपर्यंत खेळून पाहिलं. मी डावीकडून चेंडू द्यायचो, तो काठी घालायचा, आणि चेंडू काठीच्या अलीकडून निघून जायचा. मी हळू द्यायला लागलो, तेव्हा तो चिडला.

"दिसून राहिला रे मले. पण किती लांब हाय, तेच समजत नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर आला नाही.

जबलपूरला आम्ही पहिलाच सामना हरलो. मी घरी पोचलो त्या दिवशी तो नदी ओलांडून आला. मधे कोण खेळलं, एवढंच त्यानं विचारलं. मी सांगितलं. मग बागेला पाणी द्यायचं आहे म्हणून तो ओट्यावरून उठून गेला.