रेषेबाहेर बसलेला भाऊ

माझ्या धाकट्या भावाने पंचांच्या कानाखाली मारली ती मी शाळेच्या स्टाफरूममध्ये, शेजारच्या बाईंच्या मोबाइलवर पाहिली. तो माझा भाऊ आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. "काय माजलेत हे खेळाडू," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, माजलाच होता तो. खो-खोच्या व्यावसायिक लीगमधलं त्याचं ते दुसरं वर्ष. पाय रेषेबाहेर गेले म्हणून पंचांनी त्याला बाद दिलं, तो वळला आणि उघड्या हाताने मारून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून वर गेला तर हॉटेलच्या खोलीचं दार उघडेना. बॅग खाली काउंटरवर आणून ठेवलेली होती. करार रद्द, लीगमध्ये आजन्म बंदी, एवढं मोबाइलवर आलं. कोणी त्याला समोर बसवून विचारलं नाही की बाबा रे, का मारलंस. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही होतं असंही नाही, पण विचारायला काय जातं? आमच्या शाळेत पोराने काच फोडली तरी आधी त्याला उभं करून विचारतो, मग शिक्षा. इथे क्लिप पाहून निकाल लागला. वर टीव्हीवर निवेदन आलं, की पंचांच्या सन्मानाच्या बाबतीत आम्ही तडजोड करत नाही. मला इतका संताप आला की दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. भावाशी तर नाहीच.

तीन महिन्यांच्या आत अपील करता येत होतं. ते लिहायचं काम मी घेतलं. बाबा म्हणतात, ही वकील व्हायची सोडून मास्तरीण झाली. अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्याने पंचांशी कसलाही संपर्क ठेवायचा नाही, असा नियम होता. नियम शहाणाच आहे, दमदाटी होऊ नये म्हणून केलेला. पण पंच राहतात आमच्याच बडोद्यात, छाणीला, आम्ही निजामपुऱ्यात. स्कूटरवर किती वेळ लागतो? कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले हे काका. भाऊ अर्ध्या चड्डीत खेळायचा तेव्हापासून त्याच्या सामन्यांना शिट्टी घेऊन उभे राहिलेले. त्यांच्याच कानाखाली मारली आणि त्यांच्याच दारात जायची चोरी.

आमच्या इथल्या खो-खो मंडळात कुणाला काढून टाकत नाहीत. ज्याने आगळीक केली त्याने रोज संध्याकाळी पूर्ण पोशाखात यायचं आणि रेषेबाहेर, मैदानाकडे तोंड करून बसायचं. खेळायचं नाही. सगळ्यांनी त्याच्याशी बोलायचं, पाणी द्यायचं, पण उठवायचं कुणी नाही. ज्याचा अपराध केला तो मनात येईल त्या दिवशी मागून येतो, पाठीवर हात मारून खो देतो, आणि मग हा उठतो. बाबाही कधी काळी असे बसले होते, ते अजून सांगतात. त्यात कुणाला लाज वाटत नाही.

भाऊ बडोद्याला परतला आणि आपणहून तिथे जाऊन बसला. मला राग आला. म्हटलं, "अरे, हे मंडळातल्या मंडळात चालतं. तुझं प्रकरण लीगचं आहे. इथे बसून काय होणार?"

"काका याच मैदानावरचे आहेत ताई," तो म्हणाला. "त्यांना कळेल."

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, होऊन गेली होती. खांबाला कुणाच्या पतंगाचा मांजा अडकलेला होता. पोरं खेळत होती आणि हा पंचविशीचा गडी रोज रेषेबाहेर मांडी घालून बसत होता. जाणारे येणारे मोबाइल काढून त्याचे फोटो घेत. अपिलावर सही हवी म्हणून मी कागद घेऊन एका संध्याकाळी मैदानावर गेले, तर काका आलेले. डाव्या कानात कापूस होता. खेळ आपोआप थांबला. ते चालत चालत भावाच्या मागे येऊन उभे राहिले. भावाची पाठ ताठ झाली. आता हात पडतो, मग पडतो, असं मला वाटत राहिलं.

हात पडला नाही. ते वळसा घालून त्याच्या समोर आले आणि धुळीतच खाली बसले.

"मी खो द्यायला नाही आलो, बेटा."

"काका, तुम्हाला भेटायची मला बंदी आहे. नाही तर त्याच दिवशी आलो असतो."

"बंदी तुला आहे, मला नाही. आणि जरा इकडच्या बाजूने बोल ने, त्या कानाला येत नाही."

मग त्यांनी सांगितलं. पडदा फाटला होता, ऑपरेशन झालं, पण त्या कानाचं ऐकणं परत आलं नाही. लीगने फुलांचा गुच्छ पाठवला. त्यानंतर तपासणी केली आणि पंचांच्या यादीतून त्यांना वगळलं.

"त्यांचं खोटं म्हणता येत नाही," काका म्हणाले. "खो स्पर्शाच्या आधी दिला की नंतर, हे पंचाला कानाने कळावं लागतं. तुला काढलं माझ्या मानासाठी, ते टीव्हीवर सांगितलं. मला काढलं, ते फोनवर."

जखम मांडीला आणि मलम शेंडीला, ही म्हण मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवते. त्या दिवशी ती समोर धुळीत बसलेली दिसली.

"माझं चुकलं काका," भाऊ म्हणाला.

"चुकलं ते माहीत आहे मला. रोज बसतोस तेही ऐकलं. पण मी खो दिला की तू उठशील. मला कोण उठवणार?"

ते चिडलेले नव्हते, हेच सोसवेना. जाताना त्यांनी माझी चौकशी केली, "मजामां ने? शाळा कशी आहे?" आणि स्कूटर चालू करून ते छाणीच्या रस्त्याला लागले.

मी हातातलं अपील पाहिलं. मुद्द्यामागून मुद्दा, एकेक चोख. काका त्यात एकाच ठिकाणी होते, 'संबंधित पंच' म्हणून. भाऊ म्हणाला, "ताई, त्यात घाल, की आधी काकांना परत घ्या. शिट्टी नाही तर नवीन पंचांना शिकवायचं काम द्या." मी तिथेच, मांडीवर कागद धरून लिहिलं. त्याने सही केली.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. खेळाडूची बाजू न ऐकता कारवाई झाली हे मान्य होतं. आजन्म बंदी उठवून ती एका हंगामाची केली होती. पंचांविषयी एकच वाक्य होतं, की दुसऱ्या व्यक्तीच्या वतीने मागणी करण्याचा अधिकार अर्जदाराला नाही.

भावाने ते दोनदा वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला. "मला परत घेतलं, ताई," तो म्हणाला. घरात कुणी गेल्याचं सांगावं तसं सांगितलं त्याने. स्वयंपाकघरात आईला तेवढेच शब्द ऐकू गेले. ती पर्स घेऊन, पेढे आणायला चपला घालून निघाली. मग तिला त्याचा चेहरा दिसला. ती दारातच थांबली, आणि जा किंवा नको जाऊ, असं तिला आमच्यापैकी कुणीच म्हणालं नाही.