पाठ केलेलं पान

मी वाशीमला घरी बसून अक्षरं काढते. कागदावर नाही, कॉम्प्युटरवर; मोबाइलच्या पडद्यावर जी मराठी अक्षरं दिसतात, ती. पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं मला काम दिलं होतं, कमी दिसणाऱ्यांना वाचता येईल असा फॉन्ट करायचं. काम हातात येताच मी ताईला फोन लावला. माणसं शोधत बाहेर कशाला फिरायचं, घरातच होती की!

ताई मानोऱ्याजवळच्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. डोळ्यांच्या आतला पडदा खराब झाल्यामुळे तिला मधोमध धुरकट दिसतं, चष्म्याचा काही उपयोग नाही. अक्षर मोठं करावं तर फोनच्या पडद्यावर दोनच शब्द मावतात, आणि तिसऱ्यावर जाईस्तोवर पहिला डोक्यातून जातो. पोरांची वजनं ती स्वतः घ्यायची, आकडे लक्षात ठेवायची आणि घरी आल्यावर तिची मुलगी ते फोनमध्ये भरायची. पण भाचीची बारावी होती. जूनमध्ये ती अमरावतीला शिकायला जाणार, मग वाचणार कोण? "एखाद्या लेकराचं वजन चुकीचं भरलं तं त्याच्या खाण्याचं चुकते," ताई म्हणायची. "तवरक मले वाचता आलं तं ठीक, नाई तं मी काम सोडतो." वीस वर्षं जीव लावून केलेलं काम, आणि म्हणायची अशी की जणू भाजीत मीठ कमी पडलंय.

दिवाळीनंतर माझा पहिला नमुना तयार झाला. बोरूनं काढल्यासारखी जाड-बारीक वळणं, नाजूक वेलांट्या. मी स्वतःवरच भाळले होते. उतावीळ तर मी जन्माचीच. ते पान मी घरच्या ग्रुपवर टाकलं आणि 'लय भारी', 'एक नंबर' ऐकून घेतलं. आठवड्यानं ताईकडे गेले, तिच्या हातात फोन दिला. तिनं घडाघडा वाचलं, एकही शब्द अडला नाही. मी त्याच दिवशी पुण्याला कळवून टाकलं की झालंच समजा.

महिन्याभरानं शेवटची चाचणी घ्यायला पुन्हा गेले. ताई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी फोन दिला, तिनं तो डोळ्यांजवळ धरला आणि सुरू झाली, "सकाळी आईनं विहिरीवरून पाणी आणलं. मग ती शेतात गेली..."

माझ्याकडून चुकून दुसरंच पान उघडलं गेलं होतं. पडद्यावर नुसते आकडे होते.

"काय वाचून राह्यली तू?" मी ओरडलेच. "आकडे आहेत इथं, आकडे!"

ताईनं फोन खाली ठेवला. भाची दारात येऊन म्हणाली, "मावशी, मीच तिले ग्रुपवरचं ते पान वाचून दाखवलं होतं. तीन दिवस पाठ करत होती."

"काहून पण?"

"तू एवढ्या हौसेनं केलं," ताई खाली बघत म्हणाली. "तुले कसं सांगू, दिसत नाई म्हून? अन मले बी वाटलं, पाठ करता करता दिसन एखाद्या दिवशी."

यावर एखादी बहीण तिला जवळ घेती. मी नाही घेतलं. खोटारडी म्हणाले, माझं नाक कापलंस म्हणाले, आणखीही नको ते बोलले. रागापेक्षा लाज जास्त होती, हे आता कळतं. त्या रात्री जेवलेही नाही. सकाळी पुण्याला खरं काय ते कळवलं आणि मेपर्यंतची मुदत मागून घेतली.

मग खरं काम सुरू झालं. मी दर पंधरा दिवसांनी बस आणि जीप करत तिच्याकडे जायचे. आता ताई मुलाहिजा ठेवत नव्हती. "वरची रेघ म्हंजे नुसती काळी पट्टी. तिच्याखाली कायतरी लोंबून राह्यलं, धुणं वाळत घातल्यावानी." मी बारीक वळणं जाड केली. अक्षरांच्या पोटातली जागा मोकळी केली. 'भ' आणि 'म' वेगळे दिसावेत म्हणून वरच्या रेघेतली फट रुंद केली, अनुस्वाराचा ठिपका वाढवून रेघेपासून वर उचलला. माझी लाडकी अक्षरं दिवसेंदिवस ठोकळ्यासारखी होत चालली. मी कुरकुरले की ती म्हणायची, "त्यायले पाहाले पाव्हणे येनार हायेत का बाप्पा?"

मे महिन्यात ऊसतोडीवरून तांड्यांवरची माणसं परतली, अंगणवाडीत वजनं घ्यायची लेकरं वाढली. मी शेवटचा नमुना घेऊन गेले. या खेपेला तो कोणालाच दाखवला नव्हता. लॅपटॉप ताईसमोर ठेवला आणि चाचणीचं पान उघडायच्या आधी पाणी प्यायला आत गेले. बाहेरून तिचा आवाज आला. एकेक शब्द चाचपत वाचत होती.

"वाचता... येत... नसताना... येतं असं... खोटं सांगते. हिच्या... शब्दावर... विसंबू नये."

माझ्या टिपणांची फाइल उघडी राहिली होती, नव्या फॉन्टमध्ये. थंडीतल्या त्या भांडणाच्या रात्री मी ती ओळ लिहिली होती आणि पार विसरून गेले होते. धावत जाऊन लॅपटॉप मिटायला गेले, तर तिनं माझा हात बाजूला सारला.

"हे मायाबद्दल हाय?"

"हो."

ताई पुन्हा पडद्याकडे वाकली. ओठ हलत होते. मग तिनं वर पाहून हाक मारली, "अवं पोट्टे, ये इकडं लवकर! आयक, तुया मावशीनं मायाबद्दल काय काय लिहिलं ते! मी सोता वाचलं!"

भाची पळत आली. ताईनं ती ओळ तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली, या वेळी कुठंही न अडखळता, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. मी भिंतीकडे तोंड करून रडत होते.