बंद दारामागच्या कुमुदताई

काशीमीऱ्याला एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर आमचं शिबिर चालू होतं. आसपासच्या छोट्या संस्थांमधल्या वीसेक बाया समोर बसल्या होत्या, खाली हायवेवर ट्रकांचे हॉर्न कान किटवत होते, आणि संस्था एकाच माणसाच्या खांद्यावर उभी करू नये असं मी फळ्यावर लिहीत होते. तेवढ्यात मॅनेजर जिना चढून आला. "मंगल मॅडम, फोन है." गल्ल्यावरच्या फोनवर नाना होते, कुमुदताईंचे यजमान. "मंगल, कुमुद गेली गं. सकाळी चहा घेता घेता..." फोन ठेवून मी वर गेले, अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं, सत्र संपवलं आणि मगच भाईंदरला निघाले. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर त्या बाईवर माझा एक जुना राग होता, आणि आठ वर्षं मी तो नीट जपून ठेवला होता. आज महिना उलटून गेल्यावर लिहायला बसले आहे, ते त्या रागाबद्दलच.

ताई मूळच्या गिरगावातल्या. नर्सची नोकरी सोडून ऐंशीच्या दशकात त्या नानांबरोबर भाईंदर पूर्वेला राहायला आल्या आणि केबिन रोडच्या मागच्या गल्लीत एका खोलीत त्यांनी संस्था सुरू केली. सकाळी बालवाडी, दुपारी आरोग्यसेविकांचं काम. आमचे आईबाप परभणीकडून आलेले. मी दहावी होऊन घरी बसले होते. ताईंनी मला रस्त्यात गाठलं आणि म्हणाल्या, "घरी बसून माशा मारतेस, त्यापेक्षा उद्या नऊला ये." गेले, आणि अडकले. आम्ही पाच-सहाजणी होतो. ताप कसा मोजायचा, दारुड्या नवऱ्याशी कोणत्या आवाजात बोलायचं, सगळं त्यांनी शिकवलं. पण ठरवायच्या मात्र त्याच. कोणती सेविका कोणत्या वस्तीत जाणार, कुणाला दवाखान्यात न्यायचं, खडू संपला तर कोणत्या दुकानातून आणायचा... त्यांना विचारल्याशिवाय आमच्याकडे पान हलत नसे, आणि त्यात आपलं काही चुकतंय असं त्यांनाही वाटत नव्हतं आणि आम्हालाही.

ते दिसलं पारेखबाईंना. फोर्टातला एक ट्रस्ट आम्हाला मदत करायचा, त्या ट्रस्टच्या या अधिकारी. नेहमीची पाहुणी मंडळी बालवाडीची गाणी ऐकून, चहा पिऊन जात. या बाई दिवसभर कोपऱ्यात बसून राहिल्या आणि निघताना म्हणाल्या, "कुमुदबेन, काम अच्छा है. लेकिन कल आप बीमार पड गयी, तो ये दरवाजा कौन खोलेगा?" ताई हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांची अट सरळ होती. ताईंनी एक महिना कार्यालयात पाऊल टाकायचं नाही. महिनाभर संस्था चालली तर ट्रस्ट पुढची मदत देईल. नाही चालली तर ती संस्था नव्हतीच असं समजेल. जबाबदारी माझ्यावर आली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते.

पहिला आठवडा आम्ही काय केलं असेल? ताई दोन गल्ल्या सोडून राहत. त्या कार्यालयात येणार नव्हत्या, पण आम्ही त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी जायचं नाही असं कुठे ठरलं होतं? लसीकरणाचा दिवस कोणता धरू, बालवाडीत भांडण झालंय, कुणाची बाजू घेऊ... ताई कांदा चिरता चिरता उत्तरं द्यायच्या आणि आम्ही कार्यालयात येऊन तेच निर्णय आमचे म्हणून ठणकावून सांगायचो. मोठं छान चाललं होतं. आठव्या दिवशी मी भिंतीवर तक्ता कुठे लावू हे विचारायला गेले. ताईंनी सुरी खाली ठेवली. "मंगल, ही फसवणूक आहे. त्या बाईची नाही, आपली. आजपासून मी घरी नाही. दार वाजवलंस तरी नाही." आणि त्यांनी माझ्या तोंडावर खिडकी लावून घेतली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मुर्धा गावची हिराबाई धापा टाकत कार्यालयात आली. मासळी विकणारी बाई, कधी कशाला न घाबरणारी. "मंगलबाय, बिगी चल. मिठागरावरच्या वस्तीत चार जना पडल्यान. उलट्या न जुलाब. शेवंताच्या पोरीच्या अंगात कायच रेलं न्हाय." मी आधी धावले ती ताईंकडे. दार आतून बंद. थापा मारल्या, हाका मारल्या. "ताई, पोर मरतंय! आता तरी उघडा!" मग अगदी दाराजवळून आवाज आला, "ताई घरी नाही." माझं डोकंच फिरलं. "बरं, नसू दे! मी मोठ्या दवाखान्यात नेतेय," असं ओरडून मी उलटी फिरले. त्या शिस्तीचा, त्या ट्रस्टचा आणि दारामागच्या त्या बाईचा मला तेव्हा इतका संताप आला होता की भीती वाटायला वेळच उरला नाही.

दोघी सेविकांना जलसंजीवनीची पाकिटं देऊन पुढे पिटाळलं. कापडवाल्याचा टेम्पो उभा होता, त्याला म्हटलं, "भैया, बच्ची की जान का सवाल है." तो बिचारा एका शब्दानं निघाला. वस्तीत तिघं पाणी पीत होती, ती सावरतील असं दिसलं. शेवंताची सहा वर्षांची मुलगी मात्र डोळे वर करून पडली होती, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. जवळच्या दवाखान्यात सलाइन नव्हतं; दुपारपर्यंत थांबा म्हणाले. थांबायचं की न्यायचं? वाटेत मुलीचं काही झालं तर शेवंता मला काय म्हणेल? माझं मन सवयीनं विचारत होतं, ताई काय म्हणतील... आणि मग मी म्हणाले, "निघा." रेल्वेचं फाटक बंद. ते उघडलं तर काशीमीऱ्याला ट्रक आडवे. मी टेम्पोतून उतरून ट्रकवाल्यांवर किंचाळत होते, शेवंता चमच्या-चमच्यानं मुलीच्या ओठांत पाणी सोडत होती आणि ते बाहेर येत होतं. मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत मी अक्षरशः भांडून पुढे घुसले. सलाइन लागलं. दुपारी मुलीनं आईकडे पाहिलं.

मुलगी जगली. वस्तीतली विहीर बंद करवली, टँकर मिळवला, महिना पार पडला. पारेखबाई आल्या, मान डोलावून गेल्या आणि मदत चालू राहिली. पुढे ताई हळूहळू बाजूला झाल्या, संस्था मी सांभाळू लागले, आणि आता इतरांना शिकवत गावोगाव हिंडते. ताईंशी बोलणं कामापुरतं उरलं. त्यांनी त्या दिवसाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. नियमासाठी पोराचा जीव पणाला लावणारी बाई, असं मी मनात म्हणत राहिले, आणि त्यांच्याच जिवावर उभी राहत गेले.

तेराव्यानंतर नानांना भेटायला गेले. ताईंच्या खोलीत दाराकडे तोंड केलेली एक वेताची खुर्ची होती. नानांनी मला तिथेच बसवलं. इकडचं तिकडचं झाल्यावर मी बोलून गेले, "नाना, त्या दिवशी त्यांनी दार उघडायला हवं होतं."

नाना म्हणाले, "तू गेलीस तशी तिनं मला मागच्या दारानं बाहेर काढलं. म्हणाली, लोकलनं जा, मंगलच्या आधी पोचाल. दवाखान्यात लांब उभे राहा. ती अगदीच अडली तर पुढे व्हा, नाहीतर तोंड उघडायचं नाही. तू रांगेत भांडत होतीस तेव्हा मी खांबामागे होतो."

"मग आठ वर्षं मला सांगितलं का नाही?"

"सांगू दिलं नाही तिनं. म्हणायची, कळलं तर तिला वाटेल मागे कुणीतरी होतं. राग धरू दे माझ्यावर... पण केलं ते तिचं तिनं केलं, एवढं तिच्याकडे राहू दे."

मग मात्र मला आवरलं नाही. खूप रडले. काशीमीऱ्याला जे रडायचं राहिलं होतं तेही रडले. नाना पाणी घेऊन आले आणि समोर बसले.

"तुला माहितीये, उंबऱ्याच्या आत चपला आणल्या तर माझ्यावरसुद्धा ओरडायची. त्या दिवशी मी परत आलो, तर ह्याच खुर्चीत बसलेली, पायात चपला, मांडीवर पिशवी. सकाळपासून तशीच. म्हटलं, मुलीनं डोळे उघडले. मंगलनं केलं सगळं. तेव्हा तिनं चपला काढल्या, बाहेर नेऊन ठेवल्या, आणि म्हणाली, आता भात टाकते."