पांढऱ्या गळ्याचा सिलिंडर

बिरदेव मिस्त्रीला म्या वीस वर्षं 'बहिरोबा' म्हणून चिडवलं. आता स्वतःचीच जीभ हासडावी वाटतंय.

म्या नीलम्मा, सास्तूरचं दूध संकलन केंद्र चालवते. बिरदेव लोहाऱ्याचा, आमच्या दूध गार करायच्या टाकीचा मिस्त्री. माणूस कामाला चोख, पण लई सावकाश! टाकीचा ग्यास गळाया लागला की आदी पाईपात दाबानं नायट्रोजन भरायचा, एकेका जोडाला साबणाचा फेस लावायचा, अन बुडबुडा कुठं येतोय ते डोळे फाडून बघत बसायचं. "नियम हाय, अक्का. गळती अशीच बघायची," एवढंच बोलणार. डाव्या बाजूनं हाक मारली तर तेवढंबी न्हाय.

परवा टाकी बंद पडली. संध्याकाळचं दूध यायला दोन तास, अन मिस्त्रीचा नायट्रोजन संपलेला. त्यानं उमरग्याहून दुसरा मागवला अन जीपची वाट बघत फाट्यावर जाऊन उभा राहिला. माझं डोस्कंच फिरलं. हवाच भरायचीय ना शेवटी? माझा दीर विरेश आमचा टेम्पो चालवतो. त्याला म्हणलं, "जा, वेल्डिंगच्या दुकानातून ऑक्सिजन आण. दवाखान्यात माणसाला चालतोय, मग टाकीला चालत न्हाय व्हय?"

त्यानं आणला, नळी जोडली. सिलिंडर उघडायला त्यावर पाना ठेवला, तेवढ्यात मिस्त्री दारात आला. काळा सिलिंडर अन त्याचा पांढरा गळा, म्हंजी ऑक्सिजनची खूण, बघून असा ओरडला, अगं बया, माझ्या हातातली दुधाची कासंडीच पडली! विरेशला दोन्ही हातांनी मागं ढकललं, पाना हिसकून अंगणात भिरकावला.

"आत मशिनीचं तेल हाय! त्येला दाबाचा ऑक्सिजन लागला की बाँब हुतोय बाँब!"

पण माझं तोंड कुठं गप बसतंय? "उगं भेव घालू नका, मिस्त्री."

तो भिंतीला टेकून खालीच बसला.

"परंड्याला, बर्फाच्या कारखान्यात, असाच घाईत ऑक्सिजन लावला हुता. माजा धाकटा भाऊ सिदू वाकून जोड बघत हुता. माजा ह्यो डावा कान तवाच गेला."

"अन सिदू?"

"जाग्यावरच गेला." मग म्हणाला, "पाना म्याच फिरवला हुता, अक्का."

समोर विरेश उभा होता, धडधाकट. त्याची दोन लेकरं शाळेतून यायची वेळ झाली होती. अन त्याला पाना माझ्याच जिभेनं दिला होता.

जीप आली. मिस्त्रीनं नायट्रोजन भरला. म्या फेसाचं भांडं उचललं, त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"सावकाश करा, मिस्त्री," म्हणलं. "दूध नासलं तर नासू द्या."