पावणेसहाचं घोरणं

व्हर्ना टॉलिव्हर बावीस वर्षं त्या घरातल्या पोरांना खाऊ घालत होती. अलाबामातल्या त्या कॉलेजगावात पांढऱ्या खांबांची अशी डझनभर घरं आहेत, कॉलेजातल्या पोरांच्या मंडळांची. दारावर ग्रीक अक्षरं, आत साठ-साठ पोरं, एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणणारी. आईबाप वकील नाहीतर डॉक्टर, आणि लेकाला अंडं उकडायचं म्हटलं तरी घाम फुटायचा. व्हर्ना त्यांना सकाळी पावासारखी मऊ, गरम बिस्किटं आणि सॉसेजची ग्रेव्ही खाऊ घालायची, शुक्रवारी तळलेला मासा, आणि रोज चार शिव्या. पोरं तिच्यावर जीव टाकायची.

“मिस व्हर्ना, माझ्या लग्नात केक तुम्हीच करायचा हं.”

“आधी मोजे धुवायला शीक. त्या वासाने पोरगी दारातूनच परत फिरेल.”

दर ऑक्टोबरात घरात ‘थोरल्या भावाची रात्र’ व्हायची. प्रत्येक नव्या मुलाला एक थोरला भाऊ मिळायचा, आणि भावाकडून बर्बन व्हिस्कीची एक अख्खी बाटली. ती संपवल्याशिवाय उठायचं नाही. कोणी याला गंमत म्हणे, कोणी परंपरा. व्हर्ना याला सरळ गाढवपणा म्हणायची, तेही तोंडावर. पण ती दुपारी चारला घरी जाई, आणि पोरांना ते पक्कं ठाऊक होतं.

एका साली अशाच रात्रीनंतर सकाळी एक पोरगा उताणा पडून ओकताना तिला सापडला होता. व्हर्नाचा बाप पिणारा. तिची आई त्याला कुशीवर वळवून पाठीशी पिठाचं पोतं लावायची, म्हणजे तो उताणा होऊन गुदमरायचा नाही. व्हर्नाने त्या पोराच्या पाठीला पुस्तकांनी भरलेली सॅक बांधली आणि बाकीच्यांना खडसावलं, “हे असं करायचं, गाढवांनो. आणि शेजारी बसून राहायचं. एकाने तरी.”

त्यातली सॅक पोरांच्या लक्षात राहिली. मोठ्यांनी धाकट्यांना शिकवली, त्यांनी पुढच्यांना. शेजारी बसायचं कधी गळून पडलं, कुणाला कळलंही नाही. सॅक बांधली की पोरगा सुखरूप, असं त्या घरात सगळे धरून चालायला लागले. खरं सांगायचं तर व्हर्नाही.

कॉर्बिन ट्रॅमेल हा अठरा वर्षांचा, नाकावर ठिपके असलेला मुलगा. घरात येऊन त्याला जेमतेम सहा आठवडे झाले होते. ताट स्वतः विसळून ठेवणारा तो एकटाच, म्हणून तिच्या डोळ्यांत भरला होता. त्या ऑक्टोबरात ‘थोरल्या भावाच्या रात्री’नंतर सकाळी पावणेसहाला व्हर्ना आली, तेव्हा तो बैठकीच्या खोलीत कोचावर कुशीवर पडलेला होता. पाठीवर सॅक होती. मोठ्याने घोरत होता, घशात पाणी अडकल्यासारखा. तिने त्याचा लोंबणारा हात उचलून कोचावर ठेवला, अंगावर पांघरूण घातलं, आणि त्याची झोप मोडू नये म्हणून स्वयंपाकघराचं दार हलकेच लोटून घेतलं.

साडेसातला कोणीतरी किंचाळलं.

कॉर्बिन पहाटे चार ते सातच्या दरम्यान कधीतरी गेला, असं डॉक्टरांनी लिहिलं. मग चार म्हणणंच सगळ्यांच्या सोयीचं झालं. रात्रीच गेला, झोपेत गेला, कोणाच्या हातात काही नव्हतं. पोलिसांनी व्हर्नाला विचारलं, ती म्हणाली, “मी स्वयंपाकघरात होते.” हे खोटं नव्हतं, आणि तेच तिला जाळत राहिलं. ते घोरणं झोपेचं नव्हतं, गुदमरण्याचं होतं, हे आता तिला कळलं होतं, आणि ते तिच्या कानातून जाईना. मिक्सरमध्ये ऐकू येई, तुंबलेल्या मोरीत ऐकू येई, चर्चमध्ये सगळे मान खाली घालून प्रार्थना करत असताना ऐकू येई. नवरा ओटिस दुपारी खुर्चीत डुलकी घ्यायचा, त्याला ती गदागदा हलवून उठवायची.

“अगं बाई, जिवंत आहे मी!”

“मग बोल काहीतरी.”

“काय बोलू?”

“काहीही बोल. झोपू नकोस.”

मार्चमध्ये कॉलेजने सभागृहात सुनावणी ठेवली. घर कायमचं बंद करायचं की नाही, एवढाच प्रश्न. दोन दिवस आधी घराचा वकील स्वयंपाकघरात येऊन गेला. “मिस व्हर्ना, तुम्ही मागच्या दाराने येता ना? म्हणजे बैठकीची खोली वाटेत लागत नाही.” हा प्रश्न नव्हताच. व्हर्नाने त्याला कॉफी दिली. तिला स्वतःपुरती भीती वाटत होती, आणि त्या पोरांची कीव येत होती.

सभागृहात पिकल्या केसांचे जुने ब्रदर एकामागून एक उठले. त्या रात्रीच्या चार पोरांच्या चुकीपायी शंभर वर्षांचं घर बुडवायचं का? आयुष्यभराचे मित्र इथेच मिळाले! दुसऱ्या बाजूने एक बाप ओरडला, “मित्र मिळवायला पोरगा मारावा लागतो का?” मग घराबद्दल दोन चांगले शब्द सांगायला व्हर्नाला बोलावलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

माइकपाशी उभी राहून ती म्हणाली, “मी पुढच्या दाराने येते. कायमच. पावणेसहाला मी त्याला पाहिलं. तो घोरत होता. ती सॅकची युक्तीही माझीच.”

टाळ्या मध्येच थांबल्या. वकील उठून काहीतरी बोलू लागला, पण पहिल्या रांगेतून कॉर्बिनची आई उठली, तसा तो खाली बसला. मार्ला ट्रॅमेल शाळेतली शिक्षिका, आवाज साधा, वर्गात विचारावं तसा.

“तुम्ही हात लावलात त्याला?”

“हो. हात उचलून वर ठेवला.”

“गरम होता?”

“गरम होता, बाई.”

“मग काय केलंत?”

“पांघरूण घातलं. आणि बिस्किटं करायला गेले.” व्हर्ना म्हणाली. “तेव्हा फोन केला असता तर वेळ होता. तासभर तरी. हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं.”



“पाच महिने सगळे मला सांगतायत, काहीच करता आलं नसतं,” मार्ला म्हणाली. “तेवढ्यावरच मी झोपत होते.”

ती खाली बसली. व्हर्ना माइकपाशी तशीच उभी राहिली. तिला कोणी बस म्हणालं नाही.