फवारणीचे कपडे कोण धुतं?

ऑक्टोबर २००२, मंगळवारची दुपार. नाशिकमधलं आमचं छोटं हॉस्पिटल. हजर : मी, इनचार्ज सिस्टर; डॉ. केतकी, पेशंट ताराबाई, दिंडोरीकडच्या, आणि त्यांचे मालक.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. औषधांचा स्टॉक, ड्युट्या, किल्ल्या – माझ्याकडे सगळ्याची यादी असते. ही एकच गोष्ट कुठल्याच यादीत बसत नाही...

केतकीचे वडील, आमचे मोठे डॉक्टर, त्या उन्हाळ्यात गेले. त्याआधी त्यांनी भाच्याकडून, समीरकडून, कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम करून घेतला होता. लक्षणं भरायची, तो एकेक प्रश्न विचारणार आणि शेवटी संभाव्य आजार सांगणार. सगळं इंग्रजीत.

ताराबाईंना उलट्या, दरदरून घाम, तोंडातून लाळ. केतकीने विचारलं, "द्राक्षाला फवारणी केली का?"

"नाय ओ, ते करतात. मी बागेत पायबी नाय ठेवला."

मालक तर ठणठणीत. केतकीने पोटाचं इन्फेक्शन धरून सलाईन लावलं. पण ताराबाईंची छाती घरघरायला लागली.

"बाबा असते तर..." म्हणत केतकीने प्रोग्राम उघडला. मी लक्षणं सांगत गेले, ती टाइप करत गेली. आणि पडद्यावर, इंग्रजी अक्षरांत, चक्क मराठी प्रश्न आला –

"ताई, मालकांचे फवारणीचे कपडे कोण धुतं?"

प्रत्येक बाई पेशंटला 'ताई' म्हणायची मोठ्या डॉक्टरांची सवय.

केतकीने तो कसाबसा वाचून दाखवला. मालक वैतागले. "कॉम्प्युटरला काय करायचंय? तो धुनार हाय का?"

ताराबाई पुटपुटल्या, "मीच की... सकाळीच बदडले. लय वास मारत व्हते."

केतकीने डोळ्यांत टॉर्च मारला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. "सिस्टर, फवारणीच्या औषधाची विषबाधा, कातडीतून! ॲट्रोपिन काढा, अंगावरचं लुगडं बदला, हात-पाय साबणाने धुवा!"

दुसऱ्या दिवशी ताराबाई मालकांना दटावत होत्या, "आता तुमचे तुम्ही धुवा!" केतकी हसता हसता रडायला लागली. वडील गेल्यावरसुद्धा ती माझ्यासमोर रडली नव्हती.

समीरने प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. तो प्रश्न त्यात नव्हताच. तीच लक्षणं पुन्हा भरून पाहिली – परत कधी आला नाही. पण आम्ही दोघींनी तो वाचला होता. कसा आला, आजही सांगता येत नाही.

द्राक्षबागेकडच्या प्रत्येक बाईला केतकी आता तो प्रश्न विचारते, 'ताई'सकट.

तो कॉम्प्युटर पुढे बंद पडला. दर दिवाळीच्या साफसफाईत मी यादीत लिहिते : 'जुना कॉम्प्युटर भंगारात देणे.' बाकी सगळ्यावर खूण होते. त्याच्यावरची धूळ मात्र मी स्वतः पुसते, आणि झाकून ठेवते.